बुळकांडी ते लम्पी : गुरांची साथ आणि समाजाची जबाबदारी

(मोरा, ता. उरण, जि. रायगड येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

विषयाची मांडणी

गुरांच्या विषाणूजन्य रोगांचा विचार सुरू झाला की रोगजंतू, औषध आणि लस यांकडे प्रथम लक्ष जाते, आणि ते स्वाभाविकही आहे; परंतु गेल्या दीडशे वर्षांतील भारताचा अनुभव असे सांगतो की, साथ हटवण्यात लसीइतकाच वाटा आजाराची खबर वेळेवर मिळण्याचा, जनावरांची ये-जा थांबवण्याचा आणि खबर देणाऱ्या पशुपालकाला संरक्षण मिळण्याचा असतो. बुळकांडी हा एकेकाळी गावेच्या गावे गुरांविना करणारा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, तो या सर्व गोष्टी एकत्र आल्यामुळे. आणि लम्पी चर्मरोग २०२२ साली महाराष्ट्रात वणव्यासारखा पसरला, तो यांतील काही गोष्टी वेळेत जुळून न आल्यामुळे. या दोन रोगांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहणे आणि त्यातून आजच्या पशुपालकाच्या, ग्रामपंचायतीच्या व शासनाच्या जबाबदारीचा विचार करणे, हा या व्याख्यानाचा उद्देश आहे.

हा विषय मोरा बंदरात मांडला जाणे औचित्याचे आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचमुळे मोऱ्याचा मुंबईशी रोजचा संबंध आहे, आणि याच उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे १९८९ पासून जवाहरलाल नेहरू बंदर उभे आहे. बंदरावरून माल जातो-येतो, माणसे जातात-येतात आणि त्यांच्याबरोबर रोगही प्रवास करतात. १९२० साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात काही काळ थांबली आणि त्यांच्यामुळे त्या देशात बुळकांडीची साथ उद्भवली. युरोपात या घटनेचा इतका धसका घेतला गेला की, पशुरोगांची माहिती देशादेशांनी एकमेकांना तातडीने द्यावी यासाठी २८ देशांच्या करारातून २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिस येथे एक आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन झाले. आज जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. या संस्थेचे मूळ लसीच्या शोधात नव्हते, रोग न दडवण्याच्या करारात होते, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तीन विषाणू, तीन स्वभाव

विषाणू म्हणजे जिवंत पेशीत शिरल्यावाचून स्वतःची वाढ करू न शकणारा अतिसूक्ष्म रोगकारक घटक होय. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत; म्हणून विषाणूजन्य रोगात ताप उतरवणे, जखमा स्वच्छ ठेवणे आणि जिवाणूंचा दुय्यम संसर्ग रोखणे एवढेच उपचाराच्या हाती असते, आणि खरा भर रोग होऊ न देण्यावर द्यावा लागतो. मात्र सर्व विषाणूंना एकच उपाय लागू पडत नाही, कारण प्रत्येकाचा पसरण्याचा मार्ग आणि शरीरात निर्माण होणारी प्रतिकारशक्ती वेगळी असते. महाराष्ट्रातील पशुपालकांच्या परिचयाच्या तीन रोगांवरून हे स्पष्ट होते.

बुळकांडीचा विषाणू माणसातील गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग होता. बाधित जनावराला तीव्र ताप येई, डोळ्यांनाकांतून स्राव वाहे, तोंडात व्रण पडत, पुढे दुर्गंधीयुक्त जुलाब सुरू होत आणि बहुधा आठवडा-दीड आठवड्यात जनावर दगावे. रोग भयंकर होता, परंतु त्याच्या काही मर्यादा माणसाच्या पथ्यावर पडणाऱ्या होत्या : तो मुख्यतः जनावरांच्या निकट संपर्कातूनच पसरे, बाहेरच्या वातावरणात फार काळ टिकत नसे, वाचलेल्या जनावरात आयुष्यभराची प्रतिकारशक्ती येई आणि विषाणूचे सर्व प्रकार एकाच लसीला जुमानत. लाळ्या-खुरकूत या रोगाचे याच्या नेमके उलट आहे. १८९७-९८ मध्ये लोफ्लर व फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी ज्याचा विषाणूजन्य उगम दाखवून दिला, तो हा प्राण्यांतील पहिला रोग. परंतु या विषाणूचे सात मुख्य प्रकार असून एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर चालत नाही आणि लसीने येणारी प्रतिकारशक्तीही काही महिन्यांत ओसरते. भारतात त्यातील ओ, ए आणि आशिया-१ हे तीन प्रकार आढळतात, आणि त्यामुळेच दर सहा महिन्यांनी या तिन्हींवरची लस टोचून घ्यावी लागते.

लम्पी चर्मरोगाचा विषाणू देवीच्या विषाणूंच्या मोठ्या कुळातील असून शेळ्यांच्या व मेंढ्यांच्या देवीचा तो सख्खा भाऊबंद आहे. त्याचा प्रकार एकच असल्याने लस तयार करणे तुलनेने सोपे आहे. परंतु तो चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो. बाधित जनावराचे रक्त शोषलेली माशी लगेच दुसऱ्या जनावरावर बसली की तिच्या सोंडेला चिकटलेला विषाणू त्याच्या शरीरात उतरतो. म्हणूनच दावण वेगळी केली तरी कीटक वेगळे करता येत नाहीत आणि दमट, पावसाळी हवेत हा रोग बळावतो. गाठीतून गळून पडलेल्या कातडीच्या खपल्यांत विषाणू अनेक आठवडे टिकून राहतो, ही त्याची दुसरी अडचण आहे. हा रोग माणसाला होत नाही. गायींच्या मानाने म्हशींना तो कमी होतो, आणि संकरित गायींत त्याची तीव्रता अधिक असते.

बुळकांडी कशी गेली

बुळकांडीविरुद्धच्या भारतातील लढ्याची सुरुवात चौकशीने झाली. ब्रिटिश सरकारने गुरांच्या साथीसंबंधी नेमलेल्या, हॅलन या पशुवैद्यकाच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. साथीचे स्वरूप देशव्यापी असल्याचे त्यातून पुढे आले, आणि अखेर ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ही प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड हे होते. जिवंत रोगजंतूंवर प्रयोग दाट वस्तीत करणे धोक्याचे असल्याने ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ तेच होय. याच काळात, १८८६ मध्ये, परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा रीतीने भारतातील आधुनिक पशुरोगशास्त्राचा पाया घालण्यात पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांचा वाटा राहिला.

मुक्तेश्वर येथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत पुनःपुन्हा वाढवून त्याची गुरांवरील तीव्रता कमी केली आणि त्यातून जिवंत लस तयार केली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचा आधार ही लस होती. पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनातून अधिक सुरक्षित लस तयार केली आणि या कार्याबद्दल त्यांना १९९९ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

येथपर्यंतची हकिकत विज्ञानाच्या यशाची आहे. परंतु १९५४ नंतरची चाळीस वर्षे अधिक शिकवणारी आहेत. सरसकट लसीकरणाने साथींची संख्या झपाट्याने खाली आली, तरी रोग पूर्णपणे संपला नाही. जेथे लस टोचणारा पोहोचत नव्हता, जेथून गुरांचे कळप आठवडे बाजारांकडे आणि चराईच्या वाटांनी दूरवर जात होते, अशा भागांत विषाणू टिकून राहिला आणि तेथून पुनःपुन्हा बाहेर पडला. शिवाय इतरत्र लस टोचलेली असल्यामुळे उरलेला रोग सौम्य रूपात लपून राहू लागला. म्हणून १९९२ मध्ये युरोपीय समुदायाच्या साहाय्याने सुरू झालेल्या नव्या राष्ट्रीय प्रकल्पाने धोरण बदलले. जेथे रोग दिसत नाही तेथे लस थांबवायची, गावागावांत फिरून संशयित लक्षणांची चौकशी करायची, जनावरांच्या रक्तद्रवाची तपासणी करायची आणि रोग आढळताच त्याच्याभोवती लसीची भिंत उभी करायची, असे या धोरणाचे सूत्र होते. लस बंद करण्याचे धैर्य आणि रोग शोधण्याची चिकाटी या दोन्ही गोष्टी त्यासाठी लागल्या. भारतातील बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत नोंदला गेला, २००६ मध्ये देशाला या रोगाच्या संसर्गापासून मुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली. मानवातील देवीनंतर संपूर्ण निर्मूलन झालेला हा दुसराच रोग ठरला.

आफ्रिकेतील शेवटच्या टप्प्याचा अनुभवही यासंदर्भात महत्त्वाचा आहे. तेथील दुर्गम व अशांत प्रदेशांत सरकारी पशुवैद्यक पोहोचू शकत नव्हते, म्हणून शीतपेटीविना काही आठवडे टिकणारी लस वापरात आणली गेली आणि ती टोचण्याचे काम भटक्या पशुपालक समाजांतूनच निवडून प्रशिक्षित केलेल्या लोकांवर सोपवण्यात आले. आपल्याच माणसाच्या हातून आलेली लस लोकांनी स्वीकारली आणि रोगाची बातमीही त्याच माणसाला दिली.

लम्पीचा प्रवास

लम्पी रोग प्रथम १९२९ मध्ये आजच्या झांबियात नोंदला गेला. दीर्घकाळ तो आफ्रिकेपुरता राहिला, पुढे १९८९ मध्ये इस्रायलमध्ये, २०१३ मध्ये तुर्कस्तानात आणि २०१५ मध्ये ग्रीसमध्ये पोहोचला. २०१९ मध्ये बांगलादेशात व त्याच वर्षी ओडिशात तो आढळला, आणि २०२० मध्ये विदर्भातही त्याचा शिरकाव झाला. तेव्हा मृत्यू थोडे झाले आणि त्यामुळे या रोगाकडे गंभीरपणे पाहिले गेले नाही. २०२२ च्या उन्हाळ्यापासून गुजरात व राजस्थानात त्याने उग्र रूप धारण केले. त्या वर्षात देशभरात दीड लाखाहून अधिक गुरे दगावली आणि त्यांतील जवळपास निम्मी एकट्या राजस्थानातील होती. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात पहिला उद्रेक नोंदला गेला आणि काही आठवड्यांत तो राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जाऊन पोहोचला.

रोगी गाय जवळून पाहिली म्हणजे आकड्यांपेक्षा अधिक समजते. प्रथम ताप येतो, डोळ्यांतून पाणी वाहते, दूध एकाएकी आटते. मग मान, पाठ, कास आणि पाय यांवर सुपारीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या, हाताला घट्ट लागणाऱ्या गाठी उठतात. काही दिवसांनी गाठीचा मधला भाग काळवंडून वाळतो आणि खुंटीसारखा निघून येतो, तेव्हा खाली खोल, ओली जखम उरते व त्यात माश्या अंडी घालून अळ्या पडतात. पोळीला आणि पायांना सूज येऊन जनावराला उठता-बसता येत नाही. तोंडात व घशात व्रण आले तर ते वैरणीला तोंड लावत नाही आणि रवंथ थांबते. गाभण गाय गाभडते, बैल हंगामभर जोताला लागत नाही. बहुतेक जनावरे महिन्या-दीड महिन्यात बरी होतात, परंतु कातडीवरचे वण आणि दुधातील घट मागे राहते. अल्पभूधारकाच्या घरी एकच गाय असते, आणि तिचे दूध आटले तर डेअरीचा हप्ता, किराणा आणि मुलांच्या शाळेचा खर्च एकदमच अडतो.

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये, प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये, संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. नियंत्रित क्षेत्र म्हणजे ज्या भागातून जनावरांची ने-आण, बाजार, शर्यती व प्रदर्शने यांवर कायद्याने निर्बंध घातलेले असतात असा भाग. या रोगाची स्वतंत्र लस तेव्हा बाजारात नसल्याने शेळ्यांच्या देवीवरील लस गायींना देण्यात आली, कारण दोन्ही विषाणूंमधील साम्यामुळे ती पुरेसे संरक्षण देते. २०१९ च्या २०व्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गायी-बैल होते, आणि त्यांतील बहुसंख्य जनावरांचे लसीकरण त्या वर्षाअखेरीपर्यंत पूर्ण झाले. पशुसंवर्धन विभागाच्या कर्मचाऱ्यांबरोबर खासगी पशुवैद्यक आणि महाविद्यालयांतील विद्यार्थीही या कामी उतरले. दगावलेल्या दुभत्या गायीसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये आणि वासरासाठी १६,००० रुपये असे साहाय्य जाहीर झाले. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी विकसित केलेल्या लम्पी-प्रोव्हॅक या लसीच्या उत्पादनासाठी डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार झाला.

लस आणि लसीकरण

लस असणे आणि लसीकरण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लस कुपीत गोठवून वाळवलेल्या चकतीच्या रूपात येते आणि कारखान्यापासून गोठ्यापर्यंत ती २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात राहावी लागते. या अखंड थंडाव्याच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. द्रावणात मिसळल्यानंतर ती काही तासांतच संपवावी लागते, म्हणून एका कुपीला पुरतील इतकी जनावरे एकाच वेळी एकाच ठिकाणी बांधलेली असणे आवश्यक ठरते. प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरावी लागते. नाही तर लस टोचणाराच माशीचे काम करतो. टोचल्याची नोंद कानातील पिवळ्या बिल्ल्यावरील बारा अंकी क्रमांकाशी जोडावी लागते, अन्यथा कोणते जनावर राहिले हे पुढच्या वर्षी कळत नाही. लस टोचल्यावरही संरक्षण तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, आणि साथ गावात शिरल्यावर टोचलेले जनावर याच अवधीत आजारी पडले की लसीमुळेच रोग झाला असा समज पसरतो. या समजाला उत्तर आधीच्या संवादातून द्यावे लागते. साथीच्या धामधुमीत दिलेले उत्तर कोणी ऐकत नाही. २०२३ मध्ये रोगाने पुन्हा डोके वर काढले तेव्हा वासरांना त्याची झळ विशेष बसली, कारण आदल्या वर्षीच्या मोहिमेनंतर जन्मलेली वासरे लसीपासून वंचित होती आणि आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरले होते. एकदाच केलेली मोठी मोहीम पुरत नाही, हा त्याचा अर्थ आहे.

ये-जा थांबवण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण त्यावर कोणाचे तरी पोट अवलंबून असते. बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर गाडीबैल घेऊन दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे जातात. बैल थांबला तर मुकादमाची उचल फिटत नाही. अशा कुटुंबाला केवळ बंदी सांगणे अन्यायाचे आहे. निघण्यापूर्वी पुरेसे दिवस आधी गावातच लस मिळणे आणि तिचा दाखला वाटेत ग्राह्य धरला जाणे, हा खरा मार्ग आहे.

खबर देण्याचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे. आजारी जनावर जाहीर केले तर बाजार बंद होईल, दूध कोणी घेणार नाही, शेजारी नावे ठेवतील, अशी भीती पशुपालकाला वाटत असेल तर तो रोग लपवतो, आणि कित्येकदा रोग वाढण्यापूर्वी जनावर विकूनही टाकतो. २०२२ मध्ये गायीच्या दुधाविषयी अशाच अफवा पसरल्या. वस्तुतः रोग माणसाला होत नाही आणि दूध उकळून पिण्यास हरकत नाही. पंचनामा वेळेवर न होणे, मदत हाती पडण्यास विलंब होणे, दवाखान्यातील पद रिक्त असणे या गोष्टी कार्यालयीन वाटल्या तरी रोगशास्त्राच्या दृष्टीने त्या साथ वाढवणारी कारणेच आहेत, कारण पुढच्या वेळी त्या पशुपालकाची खबर येत नाही.

उरण आणि कोकणापुढील काम

रायगड जिल्ह्यात, आणि विशेषतः उरण तालुक्यात, या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. नवी मुंबईच्या उभारणीत आणि बंदराच्या विस्तारात भातशेती घटली, तसे दावणीचे बैल कमी झाले. परंतु गुरे नाहीशी झाली नाहीत. कोकण कपिला ही या किनारपट्टीची लहान चणीची, पावसाला सरावलेली गाय अजून गोठ्यांत आहे, आणि त्याबरोबरच महामार्गाकडेला व बाजारपेठेत बसलेली मोकाट गुरेही आहेत. ज्या जनावराला मालक नाही त्याला बिल्ला नाही, लस नाही आणि त्याच्या आजाराची खबर देणाराही कोणी नाही. कोकणात भातकापणी झाली की गुरे मोकळी सोडण्याची जुनी रीत आहे. तिच्यामुळे एका गावचे जनावर दुसऱ्या गावच्या शिवारात सहज मिसळते. पावसाळ्याचे चार महिने गोचीड, गोमाश्या व डास यांचा उपद्रव घाटावरच्यापेक्षा अधिक असतो. म्हणून कोकणातील लसीकरण पावसाळा सुरू होण्यापूर्वी पूर्ण होणे, मोकाट गुरांची जबाबदारी ग्रामपंचायत व नगरपालिकेने उघडपणे स्वीकारणे आणि शेणखताचे खड्डे व गोठ्याभोवतीचे साचलेले पाणी यांची व्यवस्था गावपातळीवर होणे, या गोष्टींना येथे लसीइतकेच महत्त्व द्यावे लागते. दगावलेले जनावर खाडीत किंवा माळावर न टाकता चुना घालून खोल पुरणे, हाही त्याच जबाबदारीचा भाग आहे.

लाळ्या-खुरकूत २०२५ पर्यंत लसीकरणाच्या साहाय्याने आटोक्यात आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला; बुळकांडीच्याच कुळातील, शेळ्या-मेंढ्यांना होणारा पीपीआर हा रोगही २०३० पर्यंत जगातून हटवण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय संस्थांनी केला आहे. निधी, लस आणि प्रयोगशाळा या तिन्ही बाबतींत आजचा भारत १९५४ च्या भारतापेक्षा कितीतरी सुस्थितीत आहे. उणीव आहे ती १९९२ नंतर गावोगाव फिरून चौकशी करणाऱ्या त्या चिकाटीची, आणि ती साथ नसलेल्या वर्षांतच जोपासावी लागते : तालुक्याच्या दवाखान्यात पद भरलेले असणे, पशुसखी किंवा गावातीलच प्रशिक्षित तरुणाकडे प्राथमिक लक्षणांची ओळख असणे, आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पाणी व रस्त्यांबरोबर गुरांचे आरोग्यही असणे, एवढ्या साध्या व्यवस्थेपासून तिची सुरुवात होते. ज्या देशाने बुळकांडीचे शेवटचे जनावर शोधून काढले, त्याला लम्पीचे पहिले जनावर वेळेत शोधणे अशक्य नाही. मात्र ते जनावर ज्याच्या गोठ्यात आहे, त्या पशुपालकाला सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, उलट त्याच आठवड्यात मदत मिळेल, ही हमी समाजाने आणि शासनाने त्याला आधी दिली पाहिजे.